डाउनलोड टूलचं डॉक्युमेंटेशन: आधी जागा सांगा, मग कमांड

मुळशी तालुक्यातल्या एका कॉलेजात मी दोन दिवसांची कार्यशाळा घेतली होती. विषय होता जनुकीय डेटा संगणकावर कसा हाताळायचा. पौडच्या पुढच्या एका गावातली एम.एस्सी.ची विद्यार्थिनी पहिल्या रांगेत बसली होती. घरी आंबेमोहराची खाचरं. भात शिजताना घरभर पसरणारा तो वास नेमका कुठून येतो, एवढंच तिला शोधायचं होतं. मी तिला माझं एक छोटं टूल दिलं. त्याला सिक्वेन्सिंगच्या रनचा क्रमांक द्यायचा, ते आंतरराष्ट्रीय संग्रहातून फाईल उतरवतं आणि वाचता येईल अशा रूपात मांडून ठेवतं. सोबत डॉक्युमेंटेशनही होतं. त्याची पहिली ओळ होती, 'टूल इन्स्टॉल करा आणि कमांडला रनचा क्रमांक द्या.'

तिने तेच केलं. रात्री कमांड दिली आणि लॅपटॉप चालू ठेवून झोपली. मध्यरात्री डिस्क भरली. टूल थांबलं, टर्मिनलवर एक ओळ लिहून गेलं. पहाटे पावसात लाईट गेली, बॅटरी संपली, लॅपटॉप बंद पडला आणि ती ओळही गेली. सकाळी फोल्डरमध्ये हव्या त्या नावाच्या दोन फाईल होत्या. त्या घेऊन तिने आठ दिवस काम केलं. आठव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की पहिल्या फाईलमध्ये जेवढे रीड, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे, आहेत त्याच्या जेमतेम निम्मे दुसरीत आहेत.

सुगंधी तांदळाचं रहस्य आठव्या गुणसूत्रावर आहे. तिथलं बीएडीएच-२ हे जनुक निकामी झालं की दाण्यात २-ॲसिटिल-१-पायरोलीन नावाचं द्रव्य साठतं, आणि तोच तो वास. बासमती आणि जास्मिन तांदळात या जनुकातली आठ अक्षरं गळलेली सापडली आहेत. म्हणजे चाळीस कोटी अक्षरांच्या मजकुरात आठ अक्षरं गळली आहेत का, हे ती मुलगी शोधत होती, आणि मी तिच्या हाती अर्धीच फाईल पडू दिली होती.

टूलमधली चूक मी एका दुपारी दुरुस्त केली. डॉक्युमेंटेशनमधली चूक उमगायला मात्र बराच वेळ लागला. मी लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण डिस्कवर जागा किती लागेल, काम नीट पार पडलं हे कसं ओळखायचं आणि फसलं तर काय दिसेल, हे त्यात कुठेच नव्हतं. डेटा उतरवणाऱ्या टूलच्या बाबतीत या तीन गोष्टी म्हणजेच डॉक्युमेंटेशन. कमांड कशी लिहायची ते माणूस कुठूनही शोधून काढतो.

हिंजवडी, माण, मारुंजी ही आयटीची गावं मुळशी तालुक्यातच येतात. लवळ्याच्या डोंगरावर विद्यापीठं आहेत, आणि पाषाणला आयसर व राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर. दिवसा कंपनीत कोड लिहिणारी आणि सुट्टीच्या दिवशी एखाद्या प्रयोगशाळेसाठी असं टूल करून देणारी मुलं-मुली इथे पुष्कळ आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

वाचकाच्या हातात काय आहे?

तुमचं डॉक्युमेंटेशन उघडणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. एखाद्या शोधनिबंधाच्या शेवटी छापलेला क्रमांक. म्हणून सुरुवात तिथून करा. 'हे टूल पायथनमध्ये लिहिलेलं असून ते मॉड्युलर आहे' ही माहिती त्याला त्या क्षणी नको असते. आपल्याकडचा क्रमांक या टूलला चालेल का, हे त्याला हवं असतं.

आणि इथेच गोंधळ असतो. सिक्वेन्सिंगचा कच्चा डेटा जगात तीन मोठ्या संग्रहांत जमा होतो. अमेरिकेतलं एनसीबीआय, इंग्लंडमध्ये हिंक्स्टनचं युरोपियन न्यूक्लिओटाइड आर्काइव्ह आणि जपानमध्ये मिशिमाचं डीडीबीजे. हे तिघे एकमेकांशी डेटाची देवाणघेवाण करतात, त्यामुळे रन कुठेही जमा झालेला असला तरी बहुधा तिन्ही दारांनी मिळतो. क्रमांकाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून मूळ दार कळतं. एसआरआर असेल तर अमेरिका, ईआरआर असेल तर युरोप, डीआरआर असेल तर जपान. ही झाली रनची, म्हणजे यंत्रातून एका फेरीत निघालेल्या डेटाची ओळख. त्याच्या वर एक्सपेरिमेंट, सॅम्पल आणि स्टडी अशा पायऱ्या असतात, त्यांना एसआरएक्स, एसआरएस, एसआरपी असे उपसर्ग असतात. सगळ्यांना कवेत घेणाऱ्या प्रकल्पाचा क्रमांक पीआरजे या अक्षरांनी सुरू होतो.

शोधनिबंधात छापलेला असतो तो बहुतेकदा प्रकल्पाचा क्रमांक. तो तुमच्या टूलला दिला तर काय होईल, हे लिहिलंच पाहिजे. भाताचंच उदाहरण घ्या. ८९ देशांतल्या ३,००० वाणांचा जीनोम वाचणारा प्रकल्प २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. फिलिपिन्समधली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आणि चीनमधल्या दोन संस्थांचं हे काम. त्याचा सगळा कच्चा डेटा पीआरजेईबी ६१८० या एकाच क्रमांकाखाली आहे. भाताचा जीनोम सुमारे चाळीस कोटी अक्षरांचा. प्रत्येक वाण सरासरी चौदा वेळा वाचलाय. म्हणजे एका वाणाची ५६० कोटी अक्षरं. फास्टक्यू फाईलमध्ये प्रत्येक अक्षरासोबत त्याच्या भरवशाचं एक चिन्ह असतं, म्हणजे हे दुप्पट झालं, ११ जीबीच्या वर. रीडची नावं त्यात धरलेलीच नाहीत. आता याला तीन हजारांनी गुणा. एका विद्यार्थिनीने भोळेपणाने तो एक क्रमांक दिला आणि टूलने मुकाट्याने उतरवायला सुरुवात केली, तर वसतिगृहाचं इंटरनेट महिनाभर कुणाला मिळणार नाही.

तेव्हा स्पष्ट लिहा: हे टूल फक्त रनचा क्रमांक घेतं. किंवा, प्रकल्पाचा क्रमांक दिल्यास आधी रनची यादी आणि एकूण आकार दाखवतं, आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय उतरवत नाही. आणखी एक वाक्य जोडा. एका नमुन्याचे एकाहून जास्त रन असू शकतात. सॅम्पल एक म्हणून रनही एकच असणार असं समजून नवशिके एकच रन उतरवतात, आणि मग वाचनाची खोली, म्हणजे प्रत्येक अक्षर किती वेळा वाचलं गेलं ती संख्या, कमी का पडते म्हणून डोकं धरून बसतात.

जागेचा हिशेब

माझ्या टूलच्या पोटात एनसीबीआयचीच दोन साधनं आहेत, प्रीफेच आणि फास्टरक्यू-डंप. पहिलं आवळलेली फाईल आणतं, दुसरं ती उलगडून फास्टक्यू करतं. एनसीबीआयच्याच मार्गदर्शनात हिशेब दिलेला आहे. उलगडलेल्या फाईल मूळ फाईलच्या अंदाजे सातपट होतात. उलगडताना तात्पुरती जागा लागते ती त्याच्याही दीडपट. सगळं मिळून मूळ आकाराच्या सुमारे सतरापट जागा मोकळी हवी. आमच्या विद्यार्थिनीची फाईल ३ जीबीची होती. म्हणजे ५१ जीबी. तिच्या लॅपटॉपवर ४० जीबी मोकळे होते, आणि 'तीन जीबीला चाळीस भरपूर झाले' असं तिला वाटलं. कुणालाही तसंच वाटेल.

हा आकडा मला आधीपासून माहीत होता. पण मी तो कुठेच लिहिला नाही, कारण प्रयोगशाळेतल्या सर्व्हरवर मला जागा कधी कमी पडली नव्हती. डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याचं यंत्र नेहमी वाचणाऱ्याच्या यंत्रापेक्षा मोठं असतं, आणि हा फरक लिहिताना डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

आता माझ्या टूलच्या डॉक्युमेंटेशनची सुरुवात अशी आहे:

'चालवण्याआधी रनच्या फाईलचा आकार पाहा. त्याच्या सतरापट जागा डिस्कवर मोकळी हवी. ३ जीबीच्या रनसाठी ५१ जीबी. जागा कमी असेल तर टूल सुरूच होणार नाही आणि तसं सांगेल. तात्पुरत्या फाईल दुसऱ्या डिस्कवर ठेवायच्या असतील तर तो पर्याय खाली दिला आहे. काम पूर्ण झाल्यावर फोल्डरमध्ये दोन फाईल दिसतील, एकीच्या नावाच्या शेवटी १ आणि दुसरीच्या शेवटी २. दोन्हींतल्या ओळींची संख्या सारखी हवी आणि तिला चारने नि:शेष भाग जायला हवा, कारण प्रत्येक रीड चार ओळींत लिहिलेला असतो. तसं नसेल तर फाईल वापरू नका, पुन्हा उतरवा. शेवटी क्रमांक नसलेली तिसरी फाईल दिसली तर घाबरू नका. जोडीदार न सापडलेले रीड त्यात आहेत.'

कमांड याच्यानंतर येते. माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की वाचक एवढं वाचत नाही, थेट कमांड शोधतो. बरोबर आहे त्याचं. म्हणूनच कमांडच्या वर लिहायचं, खाली नाही. खाली सरकताना नजरेखालून तरी जातं.

फाईल आली, पण कोणती?

नवख्याला सगळ्यात जास्त फसवणारा भाग हा. फाईल येते, उघडते, आकारही बरा असतो, आणि तरीही ती हवी ती नसते. जुनं फास्टक्यू-डंप हे साधन कुठलाही पर्याय न देता चालवलं तर एकाच तुकड्याच्या दोन टोकांकडून वाचलेले जोडीतले दोन्ही रीड एकाला एक चिकटवून एकाच फाईलमध्ये टाकतं. पुढचे प्रोग्राम ती फाईल निमूट स्वीकारतात. नवं फास्टरक्यू-डंप आपणहून जोड्या वेगळ्या करतं. तुमचं टूल यांपैकी काय वापरतं आणि कोणत्या पर्यायासह, ते लिहा.

पेशी-पेशीचं वेगळं वाचन करणाऱ्या प्रयोगांत एका रीडमध्ये पेशीचा बारकोड असतो. काही रनमध्ये संग्रहात तो 'तांत्रिक रीड' म्हणून नोंदलेला असतो, आणि फास्टरक्यू-डंप तांत्रिक रीड सांगितल्याशिवाय देत नाही. बारकोडच नसेल तर कुठलं वाचन कुठल्या पेशीचं, हे कळायचा मार्गच उरत नाही. ही सूचना एका ओळीची आहे, पण ती नसल्याने कितीतरी जणांचा आठवडा जातो.

आणि एसआरए लाइट. जागा वाचवण्यासाठी एनसीबीआय अनेक रन आता या हलक्या रूपातही देतं. त्यात प्रत्येक अक्षराचा स्वतंत्र भरवसा नसतो. चांगल्या रीडला सरसकट ३० आणि नाकारलेल्याला ३ असा एकच अंक दिलेला असतो. रीड मोजायचे असतील तर काही बिघडत नाही. पण एखाद्या जागी अक्षर खरंच बदललंय की यंत्राची चूक आहे, हे ठरवताना भरवशाचा अंक लागतो. तुमचं टूल मूळ रूप आणतं की हलकं, हे वाचकाला शोधायला लावू नका.

फाईल खरंच पूर्ण आली की नाही, हे ओळींच्या मोजणीपेक्षा चेकसम नेमकं सांगतो. युरोपियन आर्काइव्ह आपल्या फास्टक्यू फाईलसोबत एमडी-५ चेकसम देतं. एनसीबीआयच्या फाईलसाठी व्हीडीबी-व्हॅलिडेट हे साधन आहे. टूल ही तपासणी स्वतः करत असेल तर तसं लिहा, नसेल तर वाचकाने ती कशी करायची ते क्रमाने लिहा. 'डेटाची खातरजमा करावी' एवढंच लिहून सोडून देऊ नका.

बिघाडाचं पान

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ या पानाला द्या. लोक डॉक्युमेंटेशन वाचतात ते काहीतरी अडल्यावर, बहुधा रात्री, आणि स्क्रीनवरचा लाल संदेश शोधपेटीत टाकूनच तुमच्यापर्यंत येतात. म्हणून संदेश जसा दिसतो तसाच, अक्षर न बदलता लिहा. त्याचं भाषांतर करू नका, नाहीतर शोधणाऱ्याला तुमचं पान सापडणारच नाही. त्याखाली आपल्या भाषेत लिहा की हा का येतो आणि आता काय करायचं.

काही बिघाड ठरलेले आहेत. प्रीफेच २० जीबीहून मोठी फाईल आपणहून आणत नाही. फाईल मोठी आहे असं सांगून पुढे जातं, आणि यादीत वीस रन असले तर तो एक वगळला गेलेला लक्षातही येत नाही. मर्यादा वाढवायचा पर्याय आहे, तो द्या. एनसीबीआयला सेकंदाला तीनपेक्षा जास्त विचारणा केल्या तर नकार येतो. मोफत मिळणारी एपीआय की वापरली तर ही मर्यादा दहापर्यंत जाते. एकाच वर्गातल्या तीस मुलांनी कॉलेजच्या एकाच जोडणीवरून एकदम कमांड दिली की नेमकं हेच होतं. कार्यशाळेत माझ्यावर तीच पाळी आली होती.

आणि वीज. पुण्याच्या आसपास गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. ताम्हिणीकडे पावसाळ्यात तर वाराच ठरवतो. अर्धवट उतरलेली फाईल पुढे चालू होते की पहिल्यापासून सुरू करावी लागते? अर्धवट फाईलचं नाव वेगळं असतं की पूर्ण फाईलसारखंच? माझ्या टूलमध्ये दोन्हींना एकच नाव होतं, आणि सगळा घात तिथेच झाला. आता काम संपेपर्यंत नावाला 'अपूर्ण' अशी शेपटी असते. पुण्यामुंबईच्या बाहेर जिथे टूल वापरलं जाणार, तिथल्या डॉक्युमेंटेशनमध्ये लाईट जाण्याचं वेगळं कलम असलंच पाहिजे.

तारीख आणि आवृत्ती

एक चांगलं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. पायएसआरएडीबी हे याच कामाचं टूल साकेत चौधरी यांनी लिहिलं आणि २०१९ मध्ये त्याचा शोधनिबंध आला. ते मुंबईच्या आयआयटीत शिकले आणि आज तिथेच शिकवतात. सुरुवातीच्या काळात हे टूल वापरण्याआधी संग्रहाच्या माहितीची एक अवाढव्य डेटाबेस फाईल आपल्या संगणकावर उतरवून ठेवावी लागायची. पुढच्या आवृत्त्यांत ती गरज संपली, टूल थेट नेटवरून विचारू लागलं. पण जुन्या सूचना नक्कल होऊन जिथे जिथे पोचलेल्या असतात, तिथे त्या राहतातच, आणि एखादा विद्यार्थी आजही ती नको असलेली फाईल उतरवायला घेतो. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहा की या सूचना कोणत्या आवृत्तीसाठी आहेत आणि शेवटच्या कधी चालवून पाहिल्या. चालवून पाहिल्याची तारीख, लिहिल्याची नाही.

डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार करावेत असं डॅनिएले प्रोचिडा यांनी मांडलं आहे. शिकवणारं, एखादं काम करून देणारं, संदर्भाचं आणि समजावणारं. मोठ्या टूलला ही विभागणी छान शोभते. दोनशे ओळींच्या टूलला चार विभाग करत बसू नका. एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवणारं पान आणि एक बिघाडाचं पान, एवढ्यावर भागतं. उदाहरणासाठी रन मात्र लहान निवडा. एखाद्या विषाणूचा किंवा जिवाणूचा, काही एमबींचा, पाच मिनिटांत उतरणारा. वर्गात बसलेल्या मुलीला पहिल्या तासातच पूर्ण फाईल हाताला लागली पाहिजे.

माणसांच्या जीनोमबद्दल दोन शब्द. सगळंच खुलं नसतं. जीनोम इंडिया प्रकल्पातला दहा हजार भारतीयांचा डेटा ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांसाठी उपलब्ध झाला, पण तो फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरकडे रीतसर अर्ज करूनच मिळतो. तुमचं टूल असा डेटा आणत नसेल, तर तसं लिहा. टूल बिघडलंय असं समजून कुणी रात्र घालवायला नको.

मराठीत लिहा

मराठी माध्यमातून आलेली मुलं एम.एस्सी.पर्यंत पोचतात तेव्हा इंग्रजी पाठ्यपुस्तक वाचतात, पण तांत्रिक सूचना वाचताना प्रत्येक वाक्यापाशी अडखळतात. चूक झाली की आपल्यालाच इंग्रजी कळलं नाही असं समजून गप्प बसतात. माझ्या विद्यार्थिनीने आठ दिवस मला फोन का केला नाही, तर तिला वाटत होतं की सूचना तिनेच नीट वाचल्या नाहीत.

म्हणून इंग्रजी पानासोबत एक मराठी पान ठेवा. रन, रीड, फाईल, सर्व्हर हे शब्द आहेत तसेच असू द्या. वाचन-अनुक्रम-धारिका असलं काही लिहिलं तर इंग्रजी बरं असं वाटेल. कमांड आणि संदेश मूळ रूपातच ठेवा. बाकी मजकूर समोर बसलेल्या मुलीला सांगाल तसा लिहा.

आणि लिहून झालं की खरोखर एका मुलीला समोर बसवा. टूल तिने कधी पाहिलेलं नको. तिला डॉक्युमेंटेशन द्या, तिचाच लॅपटॉप असू द्या, आणि तुम्ही शेजारी बसून तोंड बंद ठेवा. ती कुठे थांबते, कुठली ओळ दोनदा वाचते, कुठे तुमच्याकडे बघते, एवढंच वहीत लिहा. मदत करायचा मोह होईल. करू नका. जिथे तिने मान वर केली, तिथे एक वाक्य कमी आहे. मी हे त्याच विद्यार्थिनीसोबत केलं. तासाभरात तिने अकरा वेळा मान वर केली. त्या अकरापैकी नऊ ठिकाणी प्रश्न फाईल कुठे गेली, किती मोठी झाली किंवा पूर्ण आली का, यांपैकीच होता.

तुमचं टूल कुणी वापरत असेल, तर या आठवड्यात त्याचं डॉक्युमेंटेशन उघडा. पहिल्या कमांडच्या वर दोन ओळी लिहा, किती जागा लागेल आणि फाईल पूर्ण आली हे कसं ओळखायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. पुढचा गुरुवार यायच्या आत करा.